पहिली वेबसाइट स्वतः उभारताना: काय आधी, काय नंतर

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात स्वतःची वेबसाइट सुरू करून मध्येच सोडून दिलेले लोक पुष्कळ सापडतात. नौपाड्यातली शिकवणी, ऐरोलीतला घरगुती डबा, नेरूळचा योगवर्ग, कळव्यातलं शिवणकाम. धंदा चोख असतो, माणसं मेहनती असतात, वेबसाइट मात्र ‘लवकरच येत आहे’ या पाटीपाशी अडकलेली असते. कारण जवळजवळ नेहमी एकच: आधी कळस, मग पाया. डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) घेतलं, तीन वर्षांचं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेतलं, थीम (तयार सजावट) विकत घेतली, आणि त्यानंतर पहिल्यांदा प्रश्न पडला की पानावर लिहायचं काय.

दुसरं कारण याहून वाईट. साइट तयार होते, चालूही राहते, आणि एक दिवस कळतं की डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर आहे आणि त्याचा फोन लागत नाही.

दोन्ही संकटं टाळता येतात. त्याला संगणकाची पदवी लागत नाही, क्रम पाळावा लागतो. खालचा क्रम चार-पाच पानांच्या, माहिती देणाऱ्या साइटसाठी आहे: तुम्ही कोण, काय देता, कुठे आहात, दर काय, संपर्क कसा करायचा. ऑनलाइन पैसे घेणारं दुकान हा वेगळा विषय आहे. पहिल्याच साइटला तो जोडू नका.

## १. कागद-पेन घेऊन बसा

या टप्प्यावर संगणक बंदच ठेवा. एका कोऱ्या कागदावर, गिऱ्हाईक किंवा पालक तुम्हाला फोनवर जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. ‘डबा किती वाजता येतो?’, ‘रविवारी असतो का?’, ‘जैन मिळेल का?’, ‘घणसोलीला पोचवता का?’ हे प्रश्न म्हणजेच तुमच्या साइटचा आराखडा. ज्याचं उत्तर साइटवर नाही त्याचा फोन येत राहणार, आणि फोन करायचा कंटाळा असलेला माणूस तसाच निघून जाणार.

प्रश्नांची उत्तरं लिहिली की त्यांचे गट पाडा. बहुतेकांचे चार गट पडतात: पहिलं पान, सेवा आणि दर, आमच्याविषयी, पत्ता आणि संपर्क. तेवढीच पानं करा. ‘आमचं ध्येय’, ‘आमची दृष्टी’ अशी पानं लिहायला कष्ट पडतात आणि वाचत कुणी नाही.

पत्त्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आपल्या भागात पत्ता अर्धवट लिहिला की माणूस हमखास चुकतो. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर ८’ लिहून भागत नाही. सेक्टर ८ वाशीत आहे, ऐरोलीत आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. कोपरी ठाण्यातही आहे आणि वाशीजवळही. ठाण्यात पूर्व की पश्चिम हे लिहायलाच हवं. घोडबंदर रोड तर इतका लांब आहे की कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली यांतला जवळचा थांबा दिल्याशिवाय त्या पत्त्याला अर्थ उरत नाही. म्हणून पत्त्यात इमारत, सेक्टर, नोड किंवा मोहल्ला, जवळची खूण, स्टेशन आणि स्टेशनची कोणती बाजू, आणि पिनकोड एवढं सगळं येऊ द्या. वाशी ४००७०३, ऐरोली ४००७०८, नौपाडा ४००६०२: पिनकोड असला की नकाशाही चुकत नाही.

खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक याच कागदावर लिहून ठेवा. तो साइटवर दिसला की अनोळखी माणसाचा विश्वास लवकर बसतो.

तपासा: हा कागद घराबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘यावरून तुम्ही माझ्याकडे येऊ शकाल का? किती पैसे लागतील ते कळलं का?’ दोन्हींना ‘हो’ आलं तरच पुढे जा.

## २. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा

मराठी साइट बिघडण्याचं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी बोललं जाणारं कारण इथे आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतली अक्षरं संगणकात साठवायची जगभर ठरलेली एकच पद्धत. छपाईवाल्याकडून आलेल्या पत्रकाची फाइल बहुधा श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असते. त्या फाइलीत अक्षरं दिसतात मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर उचलून साइटवर टाकला की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नुसता गिचमिडा उमटतो. गूगलला तर त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही.

तपासा: मजकुराचा एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मोबाइलवर नीट मराठी दिसली तर तो युनिकोड आहे. चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं दिसली तर नाही.

पीडीएफमधून कॉपी करणंही तितकंच धोक्याचं. मूळ मजकूर युनिकोड असला तरी पीडीएफमधून बाहेर येताना वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरं सुटतात, आणि हे घाईत लक्षात येत नाही. त्यापेक्षा नव्यानं टाइप करा. मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड आहे, बोलून टाइप करायची सोयही त्यात आहे. संगणकावर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्ड मांडणी) किंवा गूगलचं इनपुट टूल वापरता येतं. चार पानांचा मजकूर एका दुपारचं काम असतं.

बोलून टाइप केलेला मजकूर मात्र एकदा डोळ्यांखालून घाला. विरामचिन्हं नसतात, ‘की’ आणि ‘कि’ची गल्लत असते, आणि गावांची नावं हमखास चुकतात.

## ३. फोटो: कमी, खरे आणि हलके

मोबाइलचा मूळ फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. असे दहा फोटो पानावर टाकले की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. स्क्वूशसारख्या मोफत साधनात फोटो उघडा, रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा आणि आकार २०० केबीच्या आत ठेवा. आयफोनचे फोटो बऱ्याचदा हाइक (एचईआयसी) प्रकारात असतात, तो प्रकार बहुतेक ब्राउझरमध्ये उमटत नाही. ते आधी जेपीजीमध्ये बदलून घ्या.

दरपत्रकाचा फोटो साइटवर चिकटवू नका. ही चूक पदोपदी दिसते. चित्रातली अक्षरं मोबाइलवर वाचता येत नाहीत, शोधात सापडत नाहीत, आणि पोळीचा दर एका रुपयानं वाढला की पुन्हा डिझायनरकडे धाव. दर मजकुरातच लिहा.

गूगलवर सापडलेला दुसऱ्याच्या ताटाचा फोटो उचलू नका. तो कुणाच्या तरी हक्काचा असतो, आणि गिऱ्हाइकाला तुमचं ताट पाहायचं असतं. मुलांचे फोटो टाकणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो, म्हणजे बारावीच्या वर्गातले बरेचसे विद्यार्थीही त्यात आले.

सावधान: घरी काढलेल्या फोटोच्या फाइलीत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर फोटोतली ही माहिती काढून टाकूनच तो वापरा.

## ४. मार्ग ठरवा, मगच पैसे काढा

इथे तीन वाटा आहेत.

गूगल साइट्स फुकट आहे, गूगल खातं असलं की पुरे. खटके दाबत पान तयार होतं. दिसणं साधं असतं आणि मनासारखे बदल फारसे करता येत नाहीत. तीन दिवसांनी सोसायटीचा कार्यक्रम आहे आणि माहितीचं पान हवं आहे, तर हाच मार्ग घ्या.

वर्डप्रेस, म्हणजे होस्टिंगवर स्वतः बसवायची, साइट चालवणारी प्रणाली, बलाढ्य आहे. दर आठवड्याला नवा लेख, नवी नोंद टाकणार असाल तर तो उपयोगाचा. पण त्याला दरवर्षी पैसे मोजून होस्टिंग घ्यावं लागतं, आणि तो स्वतः, त्याची थीम, त्याचे प्लगइन (वरून जोडलेले भाग) हे सगळं सतत अद्ययावत ठेवावं लागतं. न ठेवल्यास साइटमध्ये कुणीतरी घुसतं. महिन्याकाठी तेवढा वेळ देणं शक्य नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट साध्या एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) फाइलींची. माझं मत स्पष्ट आहे: चार-पाच पानांच्या पहिल्या साइटसाठी हीच वाट धरावी. अद्ययावत ठेवण्यासारखं त्यात काही नसतं, होस्टिंग फुकट मिळतं, साइट झटकन उघडते आणि सगळी साइट तुमच्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये असते. कुणी होस्टिंग बंद केलं तरी तेच फोल्डर दुसरीकडे नेता येतं. पुढचे टप्पे याच वाटेचे आहेत.

एक गोष्ट विक्रेते फार रंगवून सांगतात: ‘सर्व्हर इथेच नवी मुंबईत आहे, म्हणून साइट वेगात चालेल.’ ऐरोली-महापे पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत हे खरं. पण हलकी साइट कुठूनही वेगात उघडते, आणि ५ एमबीचा फोटो शेजारच्या इमारतीतूनही रखडतच येतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

## ५. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

या संपूर्ण कामात पैसे द्यावेच लागतात असा हा एकच खर्च.

नाव निवडताना मराठी माणसाची खरी अडचण स्पेलिंगची असते. ‘श्री’ तीन-चार प्रकारे लिहिता येतो. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘ई’साठी आय की दोनदा ई, ‘क्ष’साठी केएसएच की एक्स? म्हणून निवडलेलं नाव फोनवरून एखाद्याला नुसतं उच्चारून सांगा आणि त्याला टाइप करायला लावा. दोघा-तिघांनी वेगवेगळं टाइप केलं तर ते नाव सोडून द्या. मध्ये आडवी रेघ घेऊ नका, आकडे घेऊ नका. एकदा घेतलेल्या डोमेनचं स्पेलिंग बदलता येत नाही, नवंच घ्यावं लागतं.

शेवटी डॉट इन की डॉट कॉम? स्थानिक कामाला डॉट इन उत्तम. त्याची नोंदणी व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते. डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं आणि ते सुंदर दिसतं. पण अनेकांच्या मोबाइलवर पत्ता टाइप करताना इंग्रजीच कीबोर्ड उघडतो, म्हणून ते घ्यायचं तर जोडीला दुसरं म्हणून घ्या.

आता क्रमानं:

आधी या कामासाठी एक ई-मेल ठरवा, जो पुढची दहा वर्षं तुमच्याच हातात राहील. नोकरीच्या कंपनीचा ई-मेल नको, भाच्याचा नको. त्या ई-मेलला द्विस्तरीय सुरक्षा (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावा. मग कुठल्याही मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) खातं स्वतः उघडा आणि मालक म्हणून स्वतःचं खरं नाव आणि चालू मोबाइल क्रमांक भरा. ओळखपत्राची पडताळणी मागितली तर लगेच पूर्ण करा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी ई-मेल पडताळणीचा दुवा येतो. १५ दिवसांत तो दाबला नाही तर डोमेन थांबवलं जातं आणि साइट अचानक दिसेनाशी होते.

पैसे भरण्याआधी दोन आकडे बघा: पहिल्या वर्षाची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत. पहिलं वर्ष अगदी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून कितीतरी पट महाग, असं सर्रास असतं. खरेदीच्या यादीत (कार्टमध्ये) आपोआप भरलेल्या इतर वस्तू, म्हणजे ई-मेल, साइट बिल्डर, एसएसएल (साइटच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र), सगळ्या काढून टाका.

सावधान: साइट दुसऱ्याकडून करून घेत असलात तरी डोमेन तुमच्याच खात्यावर, तुमच्याच ई-मेलवर घ्या. ‘आम्ही पॅकेजमध्ये डोमेन फुकट देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की डोमेन आम्ही घेऊ. ठाम राहा. ज्याच्या खात्यात डोमेन, त्याच्या हातात साइट.

## ६. संगणकावर साइट बांधा

अजून इंटरनेटवर काही टाकायचं नाही. आधी सगळं आपल्या संगणकावर.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मोफत एडिटर (कोड लिहायचं साधन) उतरवून घ्या. डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, त्यात फोटोंसाठी आणखी एक. मग मुख्य फोल्डरमध्ये पहिल्या पानाची फाइल करा. तिचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल हेच हवं, कारण कुणी नुसता डोमेन टाइप केला की होस्ट (साइट ठेवणारी कंपनी) हीच फाइल शोधतो.

फाइल आधी त्या नावानं सेव्ह करा. मग रिकाम्या फाइलीत इंग्रजी उद्गारचिन्ह टाइप करून टॅबचं बटण दाबा. पानाचा पूर्ण सांगाडा एडिटर स्वतः लिहून देतो. त्यात यूटीएफ-८ची ओळ असते, ती मराठी नीट उमटण्यासाठी, आणि व्ह्यूपोर्टची ओळ असते, ती पान मोबाइलच्या रुंदीत बसण्यासाठी. या दोन्हींना हात लावू नका. दोन बदल मात्र लगेच करा. वरच्या ओळीत भाषा म्हणून इंग्रजीचा ‘ईएन’ असतो, तिथे मराठीचा ‘एमआर’ लिहा. काही फॉन्ट हे पाहून मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात. आणि टायटलमध्ये ‘डॉक्युमेंट’ असा शब्द असतो, तो काढून तुमचं नाव, काम आणि गाव लिहा: ‘अमुक घरगुती डबा, ऐरोली’. हे विसरल्यामुळे शोधाच्या यादीत नुसतं ‘डॉक्युमेंट’ म्हणून हिंडणाऱ्या साइट कमी नाहीत.

पुढे लागतात मोजक्याच गोष्टी: शीर्षक, परिच्छेद, यादी, लिंक आणि चित्र. एवढ्या पाच प्रकारच्या खुणा (टॅग) शिकलात की चारही पानं उभी राहतात. पहिल्या टप्प्यात लिहिलेला मजकूर आता यांत ओता. एक पान पूर्ण करा, तेच कॉपी करून दुसरं करा. फाइलींची नावं नेहमी लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, देवनागरी न वापरता ठेवा.

दिसण्याबद्दल, म्हणजे सीएसएस या सजावटीच्या भाषेतल्या सूचनांबद्दल, थोडंच सांगतो. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. अक्षर १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त, साधारण १.७, कारण आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात. मजकुराची रुंदी ७०० पिक्सेलच्या आसपास, चित्राची कमाल रुंदी १०० टक्के. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सूचना (लेटर-स्पेसिंग) मराठीला कधीही देऊ नका. इंग्रजी शीर्षकांना ती शोभते, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. तयार टेम्प्लेट घेतलं असेल तर त्यात ही सूचना लपलेली असू शकते, शोधून शून्य करा.

संपर्काच्या पानावर फॉर्म घालू नका. आलेले फॉर्म बघायला माणूस लागतो, नको तो मजकूर येऊन पडतो, आणि लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी येते. दोन लिंक पुरतात. एक दाबताच फोन लागणारी आणि एक थेट व्हॉट्सॲप उघडणारी. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये क्रमांकाच्या आधी ९१ लागतो. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मोकळी जागा काही चालत नाही. पानावर क्रमांक देवनागरी आकड्यांत दाखवा हवं तर, पण लिंकच्या आतले आकडे इंग्रजीच ठेवा.

## ७. प्रकाशित करण्याआधीची तपासणी

इथे घाई झाली की पुढे तासन्‌तास जातात. शांतपणे एकेक बघा.

फाइलीचं खरं नाव बघा. विंडोज बऱ्याचदा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे दिसायला इंडेक्स डॉट एचटीएमएल आणि प्रत्यक्षात त्याच्यापुढे डॉट टीएक्सटी, असं होतं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू या मेन्यूतून फाइलीची पूर्ण नावं दाखवायला लावा.

चित्रांचे पत्ते बघा. चित्राचा पत्ता ‘सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग डेस्कटॉप’ असा सुरू होत असेल तर ते चित्र फक्त तुमच्याच संगणकावर दिसेल. पत्ता फोटोंच्या फोल्डरपासून सुरू व्हायला हवा.

लहान-मोठी अक्षरं बघा. फोटोची फाइल मोठ्या अक्षरांतल्या जेपीजीनं संपते आणि पानात लहान अक्षरांत लिहिलं आहे, तर विंडोजवर चित्र दिसेल आणि होस्टवर दिसणार नाही. ‘घरी दिसत होतं, साइटवर गायब’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग प्रत्येक पानावरची प्रत्येक लिंक दाबा. प्रत्येक. ब्राउझरची खिडकी ओढून मोबाइलएवढी अरुंद करा आणि पान आडवं सरकतं का ते बघा. सरकत असेल तर एखादं चित्र किंवा कोष्टक रुंद आहे.

## ८. होस्टवर चढवा

फुकट होस्टिंगसाठी गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय असे पर्याय आहेत. गिटहब पेजेसच्या अटींत ऑनलाइन व्यवसाय किंवा विक्री चालवण्यासाठी वापर करायला मनाई आहे, तेव्हा धंद्याच्या पानासाठी इतर दोघांकडे वळा. नवशिक्याला नेटलिफाय सगळ्यांत सोपं जातं, कारण फोल्डर माउसनं ओढून पानावर सोडलं की साइट चालू होते. आधी खातं उघडा, मग फोल्डर टाका. खातं न उघडता टाकलेली साइट थोड्याच वेळात काढली जाते.

फोल्डर टाकल्यावर होस्ट तुम्हाला स्वतःच्या नावाखालचा एक तात्पुरता पत्ता देतो. तो उघडा.

तपासा: ‘पान सापडलं नाही’ असं आलं तर इंडेक्सची फाइल एका आतल्या फोल्डरमध्ये अडकली आहे. जे फोल्डर उघडताच ती फाइल लगेच दिसते तेच ओढायचं, त्याच्या बाहेरचं नाही.

हा तात्पुरता पत्ता दोन-चार ओळखीच्यांना पाठवा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडायला सांगा, जमल्यास ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं, एका हातानं. तुमचं गिऱ्हाईक साइट बघणार ते असंच. फोनची लिंक अंगठ्याला सहज सापडते का, दर दिसेपर्यंत किती सरकवावं लागतं, हे त्यांना विचारा. दुरुस्त्या आत्ताच करा. डोमेन अजून जोडलेलं नाही, त्यामुळे बाहेरच्या जगाला काही कळत नाही.

सावधान: अशा प्रकारे बदल चढवताना दरवेळी पूर्ण फोल्डर पुन्हा ओढायचं. नुसती बदललेली एक फाइल ओढली तर साइटवर तेवढी एकच फाइल उरते, बाकी पानं नाहीशी होतात.

## ९. डोमेन आणि होस्ट जोडा

सगळ्यांत जास्त माणसं इथे गोंधळतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. सुट्टीच्या आदल्या रात्री किंवा जाहिरात छापून आल्यावर करू नका. मध्ये एक-दोन दिवसांची मोकळीक हवी.

आधी होस्टच्या खात्यात जाऊन ‘स्वतःचं डोमेन जोडा’ या अर्थाची जागा शोधा आणि डोमेन तिथे नोंदवा. त्यानंतरच रजिस्ट्रारकडे जायचं. उलट क्रमानं केलं तर तुमच्या डोमेनवरून आलेल्या माणसाला कुठली साइट दाखवायची हे होस्टला ठाऊक नसतं, आणि चुकीचं पान दिसतं.

डोमेन नोंदवल्यावर होस्ट दोन नोंदी दाखवतो. एक ए रेकॉर्ड, म्हणजे आकड्यांतला पत्ता, तो नुसत्या डोमेनसाठी. दुसरं सीनेम रेकॉर्ड, म्हणजे होस्टनं दिलेलं नाव, ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येणाऱ्यांसाठी. हे आकडे जुन्या व्हिडिओवरून उतरवू नका, तुमच्या पडद्यावर जे दिसतात तेच घ्या.

आता रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएस (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींची यादी) व्यवस्थापनाचं पान उघडा. काही बदलण्याआधी आहे त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग रजिस्ट्रारनं स्वतःहून टाकलेली ‘पार्किंग’ची (त्यांच्या तात्पुरत्या पानाकडे नेणारी) ए नोंद काढा आणि होस्टच्या दोन नोंदी टाका. नुसत्या डोमेनसाठी नावाच्या रकान्यात ॲटचं चिन्ह टाकतात. दुसऱ्या नोंदीसाठी फक्त तीन डब्ल्यू. तिथे पूर्ण डोमेन टाइप केलं तर बरेच रजिस्ट्रार पुढे डोमेन पुन्हा जोडतात आणि नाव दुहेरी होऊन बसतं.

डोमेनवर ई-मेल आधीपासून चालू असेल तर एमएक्स नोंदींना (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) अजिबात स्पर्श करू नका, आणि नेमसर्व्हरही (ही सगळी यादी सांभाळणारे सर्व्हर) बदलू नका. नेमसर्व्हर बदलले की जुन्या सगळ्या नोंदी एकदम निकामी होतात आणि मेल येणं थांबतं.

नोंदी टाकून झाल्या की हात मागे घ्या. बदल पसरायला काही मिनिटं ते काही तास लागतात, नेमसर्व्हर बदलले असतील तर ४८ तासांपर्यंत. तुमच्या मोबाइलवर साइट दिसेल आणि घरच्या वायफायवर दिसणार नाही, हेही होतं, कारण जुना पत्ता वाटेत कुठेतरी साठवलेला असतो. या काळात ‘चुकलं वाटतं’ म्हणून नोंदी पुन्हापुन्हा बदलणारे स्वतःच प्रतीक्षा लांबवतात.

मग कुलपाचा प्रश्न. पत्त्यापाशी ‘असुरक्षित’ असं दिसलं तर घाबरू नका. होस्ट तुमच्या डोमेनसाठी एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र आपोआप मिळवतो, पण डीएनएस जुळल्यानंतरच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं अशीच मोफत मिळतात, ठरावीक मुदतीची असतात आणि होस्ट ती स्वतः बदलत राहतो. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. दिवस उलटला तरी प्रमाणपत्र येत नसेल तर डीएनएसच्या यादीत जुनी पार्किंगची नोंद उरली आहे का ते बघा, बहुधा तीच आडवी येते.

तपासा: डोमेन चार प्रकारे उघडा: तीन डब्ल्यू लावून आणि न लावता, एचटीटीपीनं आणि एचटीटीपीएसनं. चारही वेळा शेवटी एकाच, सुरक्षित पत्त्यावर यायला हवं.

## १०. लोकांना आणि गूगलला कळू द्या

गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात डोमेन जोडा, म्हणजे साइटची गूगलला ओळख करून देता येते. मालकी सिद्ध करायला ते एक टीएक्सटी नोंद देतात, ती डीएनएसच्या त्याच यादीत टाकायची आणि नंतरही तिथेच राहू द्यायची. मग पहिल्या पानाचा पत्ता तपासून ते शोधात घेण्याची विनंती करा. साइट शोधात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. ‘पहिल्या पानावर पहिला क्रमांक, हमी देतो’ असं सांगणारे फोन या सुमारास सुरू होतील. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

‘जवळपासचा डबा’ शोधणाऱ्याला तुम्ही सापडायचं असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल नकाशावरची धंद्याची नोंद) साइटइतकंच महत्त्वाचं. तिथलं नाव, पत्ता, फोन आणि साइटवरचं नाव, पत्ता, फोन तंतोतंत सारखं ठेवा.

आपल्याकडे खरा प्रसार सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांतून होतो. लिंक पाठवल्यावर तिच्याखाली चित्र आणि नाव दिसावं यासाठी पानात ओपन ग्राफच्या नोंदी लागतात: शीर्षक, एक ओळ वर्णन आणि चित्राचा एचटीटीपीएसपासूनचा पूर्ण पत्ता. त्या घातल्यावर लिंक आधी स्वतःला पाठवून बघा, मगच गटात टाका. एकदा चुकीचं चित्र आलं की व्हॉट्सॲप ते काही काळ धरून ठेवतं.

## ११. चालू झाल्यावर

एका वहीत लिहा: डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, कोणत्या ई-मेलवर, मुदत कधी संपते, होस्ट कोणता, फोल्डर कुठे ठेवलं आहे. पासवर्ड वहीत नको. ही वही कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर ठेवा.

दर बदलले की त्याच दिवशी साइटवर बदला. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या चार दिवस आधी टाका आणि संपल्यावर आठवणीनं काढा. नोव्हेंबरात ‘गणेशोत्सवानिमित्त बंद’ दिसलं की माणूस समजतो, इथे आता कुणी नाही.

डोमेनचं आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्याला जोडलेलं कार्ड बदललं तर तिथेही बदला. मुदत उलटल्यावर नाव सोडवून घ्यायला जास्तीचे पैसे पडतात, आणि ठरावीक काळानंतर ते कुणालाही विकत घेता येतं. मुदतीच्या आसपास ‘तुमचं डोमेन संपतंय, इथे पैसे भरा’ अशा ई-मेल येतील, त्यांतल्या काही खोट्या असतात आणि हुबेहूब खऱ्यासारख्या दिसतात. त्यांतली लिंक दाबू नका. रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरा, तिथली तारीख बघा आणि पैसे भरायचे असतील तर तिथूनच भरा.